परांचीवरची माणसे

तळ्याला पाणी लागेना, बुरूज टिकेना, म्हणून माणसाचा बळी द्यावा लागला, अशी कथा आपल्या सीमाभागात कोणी ऐकली नाही असे घर सापडणे कठीण. कानडीतल्या ‘केरेगे हार’ या कथागीतात घरातली धाकटी सून भागीरथी तळ्याला दिली जाते. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाबद्दलही माणसे जिवंत गाडल्याची दंतकथा आहे. गुजरातेत गेलो तर वढवाणच्या माधावावेचे लोकगीत ऐकू येते. तिथे मुलगा आणि सून एकेक पायरी उतरतात आणि त्यांच्या पावलांबरोबर पाणी वर चढत जाते. पाटणच्या सहस्रलिंग तळ्यासाठी वीर मायाने दिलेल्या बलिदानाची आठवण तिकडे आजही जागती आहे. भाषा तीन, पण समजूत एकच. मोठे बांधकाम माणूस मागते.

या कथांतले खरे किती आणि रचलेले किती हा वाद बाजूला ठेवू. त्यांच्यामागची समजूत मात्र चुन्याच्या घाणीबरोबर संपली नाही, ती सिमेंट-काँक्रीटच्या काळातही चालत आली. परांचीवरून गवंडी पडला की एक नारळ फुटतो, एक दिवस काम बंद राहते आणि ‘त्याचे भरले होते’ एवढ्यावर विषय मिटतो. बळीला कोणी जबाबदार नसतो, कारण बळी ही नियतीची मागणी. पुढे ‘अपघात’ हा शब्द आला. तो थोडा बरा, पण त्यातही कर्ता नाही. ‘जबाबदारी’ हा तिसरा शब्द. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतची वाट किती लांब होती, ती अजून कुठवर आली आहे, हे एकाच शहराच्या आधाराने पाहावे म्हणून बडोद्याची निवड केली. मराठी राजाचे, गुजराती मातीचे, दोन्ही भाषा घरात नांदवणारे हे गाव. दीडशे वर्षांत तिथे जेवढे बांधले गेले आणि बांधण्याची विद्या जेवढी शिकवली गेली, तेवढी क्वचितच एखाद्या संस्थानी शहरात झाली असेल.

मेजर मँटची भीती

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकरी मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आला. तेच सयाजीराव. महाराज अल्पवयीन असताना कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. तंजावरच्या मराठी परंपरेतला हा मुत्सद्दी. त्यांच्याच काळात लक्ष्मीविलास राजवाड्याचा घाट घातला गेला. आराखडा केला मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने.

हे नाव कोल्हापूरकरांना परके नाही. कोल्हापूरचा काळ्या दगडातला नवा राजवाडा मँटच्याच आराखड्यावर उभा आहे. अजमेरच्या मेयो कॉलेजची इमारतही त्याचीच. हिंदुस्थानी कमानी, घुमट आणि छत्र्या पाश्चात्य आराखड्यात बसवण्याची जी शैली पुढे रूढ झाली, तिच्या आद्य कर्त्यांपैकी तो एक. एकाच वेळी अनेक संस्थानांची कामे त्याच्या अंगावर होती.

१८८१ मध्ये, बडोद्याचे काम चालू असतानाच, मँट वारला. त्याच्या अखेरीबद्दल जे सांगितले जाते ते चटका लावणारे आहे. आपली गणिते चुकली आहेत, आपण बांधत असलेले राजवाडे कोसळणार आहेत, या विचाराने त्याला पछाडले, त्याचे मन बिघडले आणि त्यातच त्याने आयुष्य संपवले, असे म्हणतात. काम पुढे मद्रासेत नाव कमावलेल्या रॉबर्ट फेलोज चिझम याने हाती घेतले आणि राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. कोल्हापूरचाही उभा राहिला. गणिते चुकलेली नव्हती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतल्या कित्येक नव्या बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या, मँटचे राजवाडे मात्र आजही उभे आहेत.

ही कथा बहुधा एका कलावंताची शोकांतिका म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. इमारत पडेल का, ही चिंता वाहणारे एक मन तिथे होते. ती चिंता अतिरेकी झाली, पण ती होती, आणि ती आराखड्यावर सही करणाऱ्याची होती. परांचीवरचा माणूस पडेल का, या चिंतेचा धनी कोण होता?

ज्यांची नावे कोरली गेली नाहीत

लक्ष्मीविलासाचे वर्णन करणारे बहुतेक सगळे लेखक दगडांची यादी देतात. सोनगडचा दगड, आग्र्याचा लाल दगड, पुण्याकडचा काळा पाषाण, राजस्थानचा आणि इटलीचा संगमरवर. दरबार हॉलची रंगीत काच येते, फेलिचीची शिल्पे येतात, राजा रविवर्म्याची चित्रे येतात. दगड कोठून आला हे आपल्याला ठाऊक असते. तो उचलून वर नेणारा कोठून आला हे वर्णनांत येत नाही.

हे काही एकट्या बडोद्याचे नाही. मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटाचे रेल्वेकाम १८५६ ते १८६३ या काळात झाले. ऐन भरात तिथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, सुरुंगांनी, दरडींनी त्यांतले हजारो मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका निभावला, एवढे आपल्याला नावानिशी माहीत आहे. मजुरांची मात्र फक्त संख्या, तीही अंदाजाची.

वडार, बेलदार, पाथरवट ही नावे सीमाभागातल्या वाचकाला नवी नाहीत. धरणे, कालवे, किल्ले, देवळे यांचा दगड आणि माती या हातांखालून गेली. गुजरातेत मातीकाम करणाऱ्यांना ओड म्हणतात. ओड आणि वडार ही नावे एकाच मुळाची मानली जातात. पाटणच्या तळ्यावर माती वाहणारी जस्मा ओडण आणि तिच्यावर नजर ठेवणारा सिद्धराज जयसिंह यांची कथा भवाईच्या खेळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कामकरी स्त्रीचे नाव लक्षात राहायचे तर राजाची वक्र दृष्टी तिच्यावर पडावी लागते. नुसती पाटी घेऊन वर चढताना पाय घसरला असता, तर जस्माही अनाम राहिली असती.

राजवाड्यामागून बडोद्यात बांधकामांची रीघ लागली. चिझमने बांधलेल्या बडोदा कॉलेजच्या प्रचंड घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाया आहे. संग्रहालय झाले, न्यायमंदिर झाले, खंडेराव मार्केट झाले. जगन्नाथ सदाशिव यांच्या देखरेखीखाली आजव्याचा विशाल मातीचा बांध घातला गेला आणि १८९२ च्या सुमारास शहराला नळाचे पाणी मिळू लागले. घुमट वळवताना खालचा लाकडी साचा केव्हा काढायचा हा जिवाशी खेळ असतो. मातीचा उंच कापा केव्हा ढासळेल याचा भरवसा नसतो. हे जाणणारे मुरब्बी मिस्त्री असणारच. पण त्यांची जाण अनुभवाची आणि तोंडातोंडी चालणारी होती, नियमाची नव्हती. दयाळू मुकादम मिळाला तर मजूर वाचे.

१८८१ आणि १८९०

मँट वारला त्याच १८८१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता तो होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, धोक्याच्या यंत्रांना आडोसा करावा, एवढाच त्याचा आवाका. बांधकामाची जागा त्यात नव्हती. बडोदे तर संस्थान, त्याला हा कायदा आपोआप लागूही नव्हता.

राजवाडा पुरा झाला ते १८९० सालही लक्षात ठेवण्याजोगे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हे लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. स्वतः फुले बांधकामाच्या ठेक्यांच्या व्यवसायात होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी सामान पुरवले, त्यामुळे सरकारी बांधकाम खात्यात कोण खातो आणि कोण राबतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मधला भाग त्यांनी बडोद्यात सयाजीरावांपुढे वाचून दाखवला होता. म्हणजे कष्टकऱ्याचे दुःख बडोद्याच्या दरबारापर्यंत पोचले नव्हते असे नाही.

त्याच १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने आणि महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन निघाले. कारागिराला त्याच्या भाषेत शास्त्र शिकवायचे, ही त्यामागची दृष्टी काळाच्या पुष्कळ पुढची होती. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पुढे हीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा झाली. तुळईवर किती भार पेलेल, पाया किती खोल हवा, हे इथे पिढ्यांनी शिकून घेतले. सयाजीरावांसारखा प्रजाहितदक्ष राजा, सक्तीचे शिक्षण आणणारे संस्थान, कलाभवनासारखी शाळा, हे सारे असूनही परांचीच्या सुरक्षेचा वेगळा विचार व्हायला अजून एक शतक जायचे होते. दोष एका राजाचा म्हणून देता येत नाही. तेव्हा जगातच तो विचार बाल्यावस्थेत होता.

जाळ्याची गोष्ट

बळीची समजूत फक्त आपल्याकडची असे मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले पूल बांधणारे लोक एक ढोबळ हिशेब धरून चालत. दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस जायचाच. वहीत खर्चाच्या रकान्याशेजारी मृत्यूचा रकाना आधीच मांडलेला! भागीरथीला तळ्याला देणारे निदान रडत तरी होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम चालू असताना मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने या हिशेबाला नकार दिला. त्याने डोक्यावर कडक टोपी सक्तीची केली आणि पुलाखाली दोरांचे जाळे बांधून घेतले. १९३७ मध्ये पूल खुला होईपर्यंत त्या जाळ्याने १९ जणांना झेलले. मेले ११ आणि त्यांतले १० एकाच दिवशी, तुटलेला भला मोठा पाळणा जाळे फाडून समुद्रात गेला तेव्हा. जुन्या हिशेबाने साडेतीन कोटींच्या या पुलावर पस्तीसजण जायला हवे होते. जाळ्याला सुमारे एक लाख तीस हजार डॉलर लागले. ते १९ जण नशिबाने वाचले नाहीत. कोणीतरी आधी विचार करून पैसे खर्चले म्हणून वाचले. त्याच साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बांधकामातील सुरक्षेचा पहिला करार मंजूर केला.

आपल्याकडची वाट नुकसानभरपाईच्या दाराने गेली. १८५५ च्या कायद्याने दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्याच्या वारसांना दावा लावता येऊ लागला, पण चूक सिद्ध करायची वारसांनीच. अडाणी विधवेने वकील कोठून आणावा? १ जुलै १९२४ पासून लागू झालेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ही अट सैल केली. काम करताना इजा झाली की मालक देणे लागतो, हे तत्त्व आले. मधल्या ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येणार नाही, हेही आले. पाऊल मोठे होते. तरी हा कायदा माणूस पडल्यानंतरचा होता. तो पडू नये म्हणून काय करायचे, हे त्यात नव्हते.

दहा मीटर, दीड सेकंद

पडणे म्हणजे काय हे एकदा आकड्यांत पाहू. तिसऱ्या मजल्याची उंची सुमारे दहा मीटर. तिथून सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. ओरडायलाही वेळ नाही. सावध राहा, सांभाळून चाल, असे सांगून हा मृत्यू टळत नाही. तो टळतो कमरेइतक्या उंचीच्या कठड्याने, फळीशेजारी फळी टाकल्याने, पट्टा बांधायला भक्कम आधार दिल्याने. पट्टा दिला आणि तो अडकवायला जागाच नसली तर तो नुसता दागिना.

मातीचेही तसेच. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी डोके वर असूनही श्वास कोंडतो, कारण फासळ्यांना फुलायला जागा राहत नाही. गुजराती वर्तमानपत्रांतले ‘भेखड धसी पडता’ हे शब्द बडोद्याच्या मराठी माणसालाही ओळखीचे झालेले आहेत. चर खोल नेताना बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू देणे हा त्यावरचा उपाय जुनाच आहे. तो माहीत नाही म्हणून राहत नाही. फळ्यांचे पैसे आणि अर्धा दिवस वाचतो म्हणून राहतो.

बडोद्यात मराठी गवंडी, गुजराती कडिया. सकाळी जिथे मजूर हजेरीसाठी उभे राहतात तो कडियानाका. दाहोद, पंचमहाल, छोटाउदेपूर, शेजारच्या झाबुआ-अलिराजपूरकडून आलेली आदिवासी जोडपी तिथे उभी असतात. परांचीला गुजरातीत पालख म्हणतात, आणि पुढच्या खेपेला भिली बोलणारा मजूर, मराठी सुपरवायझर आणि हिंदी बोलणारा इंजिनीयर एकाच पालखीवर असतात. ‘सरक’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द क्षणात कळायला हवेत. बहुभाषी जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला ही अडचण जेवढी समजेल तेवढी इतरांना समजणार नाही. गज्जरांनी कारागिराच्या भाषेत शास्त्र शिकवायचे म्हटले होते. धोक्याची पाटी मजुराच्या भाषेत असावी, ही मागणी त्याच वाटेवरची.

एक टक्का

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला, खाणींचा वेगळा कायदा आला, १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली. बांधकाम मजुरासाठी स्वतंत्र कायदा मात्र कामगार संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर १९९६ मध्ये झाला. परांची, खोदकाम, शिड्या, क्रेन, शिरस्त्राण यांबद्दलची बंधने त्यात आली. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून नोंदणीकृत मजुरांना अपघात, आजार, मुलांचे शिक्षण यांसाठी मदत द्यायची, अशी योजनाही आली. लोखंड, सिमेंट यांच्या शेजारी मजुराचा जीव प्रथमच खर्चाच्या बाजूला मांडला गेला.

पण कायदा दिल्लीत होतो आणि नियम राज्यात. गुजरातचे कल्याणकारी मंडळ २००४ मध्ये झाले. आपल्या दोन्ही बाजूंचे पाहू तर कर्नाटकाचे नियम २००६ चे आणि महाराष्ट्राचे २००७ चे. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर असल्याचा दाखला हवा. दहा ठेकेदारांकडे नव्वद दिवस केलेल्या माणसाला तो कोणी द्यायचा? १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीवर कडक ताशेरे ओढले. देशभरात ३७,००० कोटींहून अधिक उपकर जमला होता आणि मजुरांवर खर्च झाले होते ९,५०० कोटींच्या आसपास. पैसा होता, घेणाऱ्याचे नाव वहीत नव्हते. बोरघाटातली अनाम संख्या दीडशे वर्षांनी दुसऱ्या रूपाने समोर आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९९६ चे हे कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत. नवी वही जुन्या वहीपेक्षा भरलेली असेल का, हे येणारा काळ ठरवील.

मधल्या काळात बडोद्याने पुष्कळ पाहिले. २८ ऑगस्ट २०१३ रोजी अटलादऱ्याच्या माधवनगरात गरिबांसाठी बांधलेल्या वसाहतीतल्या दोन तीनमजली इमारती कोसळून ११ माणसे मेली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी वासदजवळ मही नदीवर बुलेट ट्रेनच्या कामावर तात्पुरता उभारलेला ढाचा कोसळून तीन मजूर दगावले. ९ जुलै २०२५ रोजी पादऱ्याजवळचा, १९८५ चा गंभीरा पूल भर वाहतुकीत तुटला, वाहने महीत पडली, किमान वीस माणसे गेली. त्यानंतर सरकारने चार अभियंत्यांना निलंबित केले. पूल पडला की चौकशी होते, नावे पुढे येतात, कारण पुलावर सगळेच जातात. एकटा मजूर पडतो तेव्हा चौथ्या पानावर चार ओळी येतात, आणि अनेकदा त्यांत गावाचे नाव असते, माणसाचे नसते.

मँटच्या कथेचा अर्थ इथे नव्याने लागतो. त्याची भीती अनाठायी ठरली, पण ज्या सवयीतून ती आली ती सवय अनाठायी नव्हती. माझ्या सहीखाली काही उभे राहत असेल तर ते पडल्यास मी उत्तर देणे लागतो, ही ती सवय. परांचीखालीही कोणाची तरी सही लागते. आज बांधली, कोणी तपासली, कोणी चढायला परवानगी दिली, एवढी तीन नावे रोज सकाळी एका वहीत लिहिली गेली, तर ‘त्याचे भरले होते’ असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर आपल्यापैकी अनेकांच्या घरी मजला चढत असतो, निदान भिंतीला रंग लागत असतो. वास्तुशांतीला आपण वास्तुपुरुषाची क्षमा मागतो, भूमीला नैवेद्य दाखवतो. बांबूच्या परांचीला कठडा आहे का, वर चढलेल्याच्या पट्ट्याला आधार आहे का, त्याचे नाव काय, हे तीन प्रश्न ठेकेदाराला विचारायला मुहूर्त लागत नाही. बांधकाम माणूस मागते ही समजूत जितकी जुनी आहे, तितकीच ती खोटी आहे. बांधकाम कठडा मागते, फळी मागते, अर्धा दिवस जास्तीचा मागते. तो आपण दिला नाही, की राहिलेली बाकी माणसाकडून वसूल होते.